सातबाऱ्यावर नसलेला क्लब

गेले दोन महिने नवी मुंबईतल्या आमच्या नोडमध्ये, म्हणजे वसाहतीत, एका प्रश्नावरून जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत : आमचा फुटबॉल क्लब नेमका किती वर्षांचा? वरवर पाहता स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर कुठला आकडा छापायचा, एवढाच हा वाद. पण आकड्याच्या मागे मैदान उभं आहे. मैदानाची देखभाल आणि खेळाचं वेळापत्रक कुणाकडे सोपवावं याची चर्चा सुरू झाली आणि कुणीतरी सुचवलं, ज्या संस्थेची नोंदणी सर्वांत जुनी तिला पहिला मान द्या. तेव्हापासून घराघरांतल्या फायली बाहेर निघाल्या. धर्मादाय आयुक्तांच्या दाखल्याप्रमाणे आमचा क्लब अजून पस्तिशीलाही पोचलेला नाही. गावठाणातल्या वयस्कर माणसांना विचाराल तर पन्नाशी कधीच उलटली. एकीकडे दाखला दाखवणारे, दुसरीकडे ‘आमच्या बापजाद्यांपासून’ म्हणणारे आणि तिसरीकडे ‘इतिहास काय उगाळताय, कृत्रिम गवताचं टर्फ टाका आणि तासावर भाड्याने द्या’ म्हणणारे.

मी या क्लबकडून शाळेत असल्यापासून खेळलो, नंतर बरीच वर्षं त्याची वही सांभाळली. तिन्ही बाजूंना माझी माणसं आहेत. तरीही हा वाद चुकीच्या जागी चालला आहे असं मला ठामपणे वाटतं. माणसांनी एखादी जागा खेळासाठी साफ करायला, सपाट करायला, राखायला सुरुवात केली त्या दिवसापासून क्लबचं वय मोजावं. नोंदणी हा त्या वाटेवरचा एक टप्पा. आणि मैदानावरचा हक्क ठरवताना हे वयसुद्धा पुरेसं धरू नये. मैदान कुणी राखलं आणि ते कुणाकुणाला खुलं ठेवलं, हे पाहावं. हे पाहायचं तर क्लबला आपला इतिहास लिहून काढावा लागेल आणि त्यातली आपल्याच चुकांची पानं फाडून चालणार नाही.

आधी दाखला मागणाऱ्यांचं म्हणणं नीट ऐकू. ते उगाच कागदाला चिकटलेले नाहीत. ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही मोकळ्या भूखंडाचं काय होतं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आधी एक फलक लागतो, मग पत्र्याची शेड, मग शेडला कुलूप, आणि पाच वर्षांनी ‘आमच्या मंडळाची जुनी जागा’ अशी भाषा सुरू होते. मंडळाचं काम काय, सभासद किती, हिशेब कुठे, हे विचारायची सोय नसते. नोंदणी झालेल्या संस्थेला निदान घटना असते, विश्वस्तांची नावं असतात, हिशेब तपासून द्यावे लागतात. आठवणीला कोण लेखापरीक्षक लावणार? आमच्याच क्लबने पनवेलला एकदा एका स्पर्धेची अंतिम फेरी जिंकली, त्या सामन्याचा स्कोअर मी तीन जणांकडून ऐकला आणि तिन्ही वेळा वेगळा ऐकला. गोल कुणी मारला यावरही एकमत नाही. अशा आठवणींवर सार्वजनिक जागेचा निर्णय सोपवू नका, असं कुणी म्हटलं तर त्याला मूर्खात काढता येत नाही.

त्याहून जड असा आक्षेप आणखी एक आहे आणि तो नवी मुंबईत फार जपून हाताळावा लागतो. ‘आम्ही आधी होतो’ या वाक्याचं ‘तुम्ही नंतर आलात’ व्हायला वेळ लागत नाही. हे शहरच सगळ्यांच्या येण्यातून झालं. 1970 साली हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल खुला झाला आणि मग दादर-परळच्या चाळींतून, केरळातून, बंगालमधून, साताऱ्याच्या दुष्काळी गावांतून माणसं येत गेली. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे सेक्टर उभे राहिले त्या 95 गावांतल्या आगरी-कोळी कुटुंबांच्या मनातली ठसठस खरी आहे. 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याला जमिनीसाठीच्या आंदोलनात त्यांची माणसं पोलीस गोळीबारात गेली, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय पुढे आला. या पार्श्वभूमीवर क्लबच्या जन्माचं वर्ष मागे नेणं म्हणजे गाव विरुद्ध सेक्टर या जुन्या निखाऱ्यावर फुंकर मारणं, अशी भीती काही समंजस माणसांना वाटते. मलाही ती वाटली. म्हणून कित्येक वर्षं मी या विषयावर गप्प राहिलो.

मग मत का बदललं? वहीमुळे.

ती वही म्हणजे शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेली. वाशीला रेल्वे यायच्या आधीची. (रेल्वे आली 1992 च्या मे महिन्यात, आमच्याकडे अजूनही जुन्या गोष्टींचा काळ ‘रेल्वेच्या आधी’ आणि ‘रेल्वेनंतर’ असाच सांगतात.) वहीच्या पहिल्या काही पानांवर वर्गणी आहे. कुणी चार आणे दिले, कुणी रुपया. एका नावापुढे पैशाऐवजी ‘फावडं व घमेलं’ असं लिहिलंय. पुढच्या पानावर खर्च : ब्लॅडर, पंक्चरचं सोल्युशन, सुतळी, फक्की. आणि एका पानावर फक्त हजेरी आहे, खेळाची नव्हे, कामाची. भात कापून झाल्यावर शेतातली धसकटं काढायला, बांध फोडून जागा सपाट करायला, भरतीचं पाणी शिरतं तिथे भराव टाकायला कोण आलं होतं त्याची. जमीन तेव्हा कागदोपत्री सिडकोची झालेली होती, पण तिच्यावर काहीच उभं नव्हतं. पोरांनी तिथे मैदान केलं. नावं वाचली की कळतं, निम्मी आडनावं गावातली आहेत, उरलेल्यांत मल्याळी आहेत, दोन बंगाली, एक-दोन गोवेकर, आणि बाजार समितीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडींची मुलं. गावातली पोरं कबड्डीवर पोसलेली, त्यांचे पाय जमिनीत रोवलेले. मल्याळी मुलांना चेंडू पायाला चिकटवून कसा न्यायचा ते ठाऊक. दोघांनी एकमेकांकडून उचललं. आमच्या जुन्या बचावपटूंची पकड आजही मला कबड्डीतली वाटते.

आता नोंदणीचा दाखला पाहा. तो महापालिका झाल्यानंतरच्या काळातला. त्यावर सात विश्वस्तांची नावं आहेत. सातही सेक्टरमधली. गावातलं एकही नाही. क्लबचं नावसुद्धा बदललेलं. पोरं ज्या नावाने खेळायची ते गावदेवीचं होतं. कागदावर आलं ते सेक्टरचं. हे कुणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. त्या सातांत माझे वडीलधारे होते, भली माणसं होती. अर्ज इंग्रजीत भरायचा होता, ओळखपत्रं जोडायची होती, कार्यालयाच्या खेपा घालायच्या होत्या. ज्यांना नोकरीतून अर्धी रजा टाकता येत होती त्यांनी ते केलं. ज्यांनी भराव टाकला होता त्यांना कुणी विचारलंच नाही. आणि आज तोच दाखला पुढे करून आपण म्हणतो, पुरावा द्या. ज्या कागदाने माणसं वगळली त्याच कागदावरून ती माणसं होती की नव्हती हे कसं ठरवणार?

आमच्या या पट्ट्याला हा प्रश्न नवा नाही, आणि याचं मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. लाकूडफाटा विकून, कंदमुळं खाऊन दिवस काढले, पण संप मोडला नाही. त्यांचं भांडण कशावरून होतं? कागदावर खोताचं नाव आणि चिखलात कुळाचे पाय, यावरून. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे 1948 चा कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा दिवस ठरवून कायद्याने मान्य केलं की त्या दिवशी जो प्रत्यक्ष कसतो त्याच्याकडे मालकी जाईल. म्हणजे ज्या मातीत आज आपण ‘नोंदणीचं वर्ष दाखवा’ म्हणतोय, त्याच मातीतल्या माणसांनी कसणं हाच पुरावा असतो हे राज्याच्या कायद्यात लिहायला लावलं. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाखेरीज पीकपाहणीचीही नोंद असते. जमीन कुणाची हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्या साली तिथे काय पेरलं हेही. क्लबच्या बाबतीत आपण फक्त मालकाचा रकाना वाचतो आणि पीकपाहणीकडे पाहतही नाही.

या उदाहरणावर मला लगेच उत्तर येतं : मग ‘खेळेल त्याचं मैदान’ म्हणा, आणि आज टर्फवर तासाला पैसे मोजून खेळणारी मुलंही खेळतातच की. मुद्दा बरोबर आहे. आणि टर्फला नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. दिवसभर नोकरी करून रात्री नऊला घरी येणाऱ्या मुलाला दिव्याखाली तासभर खेळता येतं ते टर्फमुळे. पावसाळ्यात आमचं मैदान चार महिने तळं असतं, तेव्हा टर्फवर खेळ चालू राहतो. उजेड आणि पहारा असल्यामुळे काही घरांतून मुलींना तिथे पाठवलं जातं, मोकळ्या मैदानावर पाठवलं जात नाही, हेही मी पाहिलंय. पण कुळ आणि वाटसरू यांत फरक असतो. तासाचे पैसे देणारा तासापुरता येतो, त्याला ते मैदान पुढच्या मोसमात राहील की नाही याची काळजी करायचं कारण नाही आणि त्याचा तो दोषही नाही. ज्याच्या खिशात त्या तासाचे पैसे नाहीत त्याचं काय, हा प्रश्न मात्र टर्फवाल्यांनी अजून एकदाही घेतलेला नाही. वहीतल्या त्या ‘फावडं व घमेलं’ देणाऱ्या पोराला आज आपण मैदानात कुठल्या दाराने घेणार?

इतिहास नको म्हणणाऱ्यांचं एक वाक्य या चर्चेत फार ऐकू आलं : नवी मुंबईत फुटबॉल आला तो 2017 साली. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, स्पेन आणि माली यांची उपांत्य फेरी तिथेच झाली. त्याच्याही आधी, 2014 मध्ये, इंडियन सुपर लीगचा पहिला अंतिम सामना तिथे झाला होता आणि 2022 च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत, स्पेनने कोलंबियाला हरवलेली, तीही तिथेच. आपल्या शहरात हे घडलं याचा मला मनापासून अभिमान आहे. 2017 ला मी मुलाला खांद्यावर हात टाकून घेऊन गेलो होतो. त्याच वर्षी 15 सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला, शाळांना चेंडू मिळाले. पण चेंडूतली हवा जाते. ती पुन्हा भरायला, फाटलेली जाळी सुतळीने गाठवायला, रविवारी पहाटे साडेपाचला उठून फक्कीने रेषा मारायला कुणीतरी लागतं. हे लोक 2017 च्या आधीही उठत होते. त्यांची नोंद नाही म्हणून ते नव्हतेच असं मानायचं का?

मुंबईचंच जुनं उदाहरण घ्या. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा 1891 पासून खेळली जाऊ लागली. पहिली कितीतरी वर्षं चषकावर फक्त गोऱ्या पलटणींची नावं कोरली गेली. पहिल्यांदा एक भारतीय नागरी संघ, बंगलोर मुस्लिम्स, जिंकला तो 1937 मध्ये. केवळ चषकावर कोरलेली नावं वाचून कुणी इतिहास लिहायला बसला तर त्याला वाटेल, 46 वर्षं मुंबईच्या मैदानांवर भारतीय माणूस चेंडूला शिवलाच नाही. प्रत्यक्षात 1911 मध्येच कलकत्त्यात मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी पोरांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकली होती. असा संघ काही आदल्या रात्री आभाळातून पडत नाही. त्याच्यामागे गल्ल्यांतले, तळ्याकाठचे, नाव नसलेले शेकडो संघ असतात आणि त्यांतल्या एकाचाही दाखला आज कुणाच्या फायलीत सापडणार नाही.

कागद भक्कम असला की क्लब टिकतो, हा तर मला यातला सर्वांत मोठा भ्रम वाटतो. मुंबईच्या महिंद्र युनायटेड संघाकडे काय नव्हतं? मोठी कंपनी पाठीशी, पगारी खेळाडू, 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेली. 2010 मध्ये कंपनीने ठरवलं आणि संघ बंद झाला. मुंबई एफसी 2007 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये संपला. या संघांवर जीव टाकणारी पोरं कूपरेज मैदानाच्या स्टँडमध्ये बसायची, त्यांना कुणी विचारलं नाही, कारण कागदावर ती कुणीच नव्हती. उलट कोल्हापूरकडे पाहा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या मुळात तालमी. लाल मातीत घुमणारी पोरं पुढे फुटबॉलकडे वळली, पण पेठेने तालीम सोडली नाही. शाहू स्टेडियमवर आजही माणूस आपल्या पेठेसाठी ओरडतो. त्यांच्या फुटबॉलचं वय विचारलं तर कुणी दाखला काढत नाही. आजोबा, बाप आणि नातू एकाच कट्ट्यावर बसलेले दाखवतात. कोल्हापुरात त्यातून मारामाऱ्याही झाल्या आहेत, सामने बंद ठेवायची वेळ आली आहे, आणि पेठेच्या अभिमानाची ती बाजू मी लपवणार नाही. तरी तिथे क्लब मेले नाहीत.

क्लब म्हणजे कोण, हा प्रश्न इंग्लंडमध्ये थेट चव्हाट्यावर आला तो 2002 मध्ये. विम्बल्डन क्लबच्या मालकांना संघ शंभरेक किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली. नोंदणी त्यांची, खेळाडूंचे करार त्यांचे, सगळं कायदेशीर. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात सार्वजनिक माळावर खुल्या चाचण्या घेतल्या, जो येईल त्याला खेळवून पाहिलं आणि नवा संघ पार खालच्या पायरीवर उभा केला. कागदावर हा क्लब 2002 चा. पण 2007 मध्ये मिल्टन कीन्सवाल्यांनी जुन्या क्लबचे चषक विम्बल्डन ज्या भागात येतं त्या स्थानिक पालिकेच्या हवाली केले. मला या कहाणीत चाहत्यांच्या चिकाटीपेक्षाही चषक कुठे गेले हे लक्षात ठेवावंसं वाटतं. ते एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे गेले नाहीत, त्या वस्तीकडे परत गेले.

आठवण खोटं बोलते, या आक्षेपाला माझं उत्तर साधं आहे. म्हणूनच लिहा. आठवण कच्ची असते म्हणून ती टाकून द्यायची नसते, तीन जणांकडून ऐकून, वहीशी ताडून, फोटोच्या मागची तारीख पाहून ती पक्की करायची असते. गावोगावच्या बखरींचं आणि पत्रांचं हेच काम महाराष्ट्रात शंभर-सव्वाशे वर्षं चाललेलं आहे. आपल्या शेजारच्या ठाण्यात 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं, ते आजही उभं आहे. पुस्तकं जपायला हवीत हे ज्या जिल्ह्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं, त्या जिल्ह्यातल्या क्लबांच्या वह्या पोटमाळ्यावर वाळवीने खाव्यात याचं मला वाईट वाटतं. इंग्लंडमधल्या शेफिल्ड क्लबची, 1857 साली स्थापन झालेल्या जगातल्या सर्वांत जुन्या क्लबची, जुनी इतिवृत्तं आणि हाताने लिहिलेले खेळाचे नियम 2011 मध्ये लिलावात 8 लाख 81 हजार पौंडांना गेले. तेही कधीकाळी कुणा सेक्रेटरीने कंदिलाखाली लिहिलेले कागदच होते. आमच्या वहीला कुणी पैसे देणार नाही आणि ती विकायचीही नाही. पण पनवेलच्या त्या सामन्याचा वाद तिने सोडवला : स्कोअर 2-1 होता, आणि गोल मारल्याचं जो माणूस चाळीस वर्षं सांगत आला त्याच्याच नावापुढे त्या दिवशी ‘आजारी, आला नाही’ असं लिहिलेलं आहे. आम्ही त्याला ते पान दाखवलं. तो बराच वेळ पानावर बोट ठेवून बसला. मग म्हणाला, लिहा तसंच.

तसंच लिहायचं, तर आमचं स्वतःचं काय? गाववाल्यांचं नाव दाखल्यातून गळलं हे मी वर लिहिलं. पण गावातल्या माझ्या मित्रांनाही एक प्रश्न विचारायला हवा. त्या दोनशे पानांत मुलीचं नाव एकदाही का नाही? भराव टाकायला बाया आल्या होत्या, हे मला दोन जणांनी स्वतंत्रपणे सांगितलं. त्यांची हजेरी कुणी मांडली नाही. पुढेही वर्षानुवर्षं मैदानाच्या कडेने मुली शाळेतून घरी जायच्या, बॉल बाहेर गेला तर लाथेने परत द्यायच्या, आणि काहींची लाथ आमच्यापेक्षा चांगली बसायची. ‘तूही ये’ असं आम्ही एकीलाही म्हटलं नाही. इंग्लंडमध्ये 1920 च्या नाताळात बायकांच्या एका सामन्याला गुडिसन पार्कवर 53 हजार माणसं लोटली होती. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना बायकांच्या सामन्यांसाठी मैदानं देऊ नका असं सांगितलं आणि ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. आम्हाला बंदीचा ठराव करायचीसुद्धा गरज पडली नव्हती. आमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावरच्या मुंब्र्यात ‘परचम’ या गटाच्या मुलींनी 2012 च्या सुमारास फुटबॉल सुरू केला, हिंदू-मुसलमान मुली एका संघात आणल्या आणि मुलींना खेळायला मैदान मिळावं म्हणून घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या. मैदान राखण्याचं हेच काम आहे. त्यांच्या क्लबचं वय आमच्यापेक्षा कितीतरी कमी. पण उद्या एखादं मैदान आमच्याकडे द्यायचं की अशा गटाकडे, असा प्रश्न आला तर केवळ आम्ही जुने म्हणून आमच्याकडे द्या, असं मला म्हणता येणार नाही.

‘आम्ही आधी, तुम्ही नंतर’ या भीतीवरही हाच उतारा आहे. वर्ष मागे नेलं की गाव जिंकेल आणि सेक्टर हरेल, असं मानणाऱ्यांनी वही वाचलेली नाही. वहीत गाव एकटं नाही आणि सेक्टरही एकटा नाही. तिथे एकाच रविवारी एका आगरी आडनावाखाली एक मल्याळी नाव आहे आणि दोघांपुढे ‘दोन घमेली’ असंच लिहिलंय. झाकून ठेवलेला इतिहास भांडणं लावतो, कारण मग ज्याला जसा हवा तसा तो सांगतो. उघडा केला तर निदान भांडायला एक समान पान मिळतं.

आणि हे सगळं कशासाठी, असं अजूनही कुणाला वाटत असेल तर त्याने नवी मुंबईतल्याच घणसोलीची आठवण करावी. 2003 मध्ये शासकीय क्रीडा संकुलासाठी राखलेल्या 20 एकरांतला भाग पुढे घरबांधणीसाठी दिला गेला आणि 2021 मध्ये सरकारने ते संकुल शंभरेक किलोमीटर दूर माणगाव तालुक्यात हलवायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 च्या जुलैत तो निर्णय रद्द केला. निकाल वाचून मला आनंद झाला, पण एक गोष्ट टोचत राहिली. याचिका केली होती वास्तुविशारदांच्या संस्थेने. खेळाडूंचं, क्लबांचं नाव त्यात नव्हतं. कसं असणार? न्यायालयात उभं राहायचं तर ‘आम्ही इथे खेळतो, इतकी वर्षं खेळतो, ही आमची हजेरी’ असं दाखवावं लागतं. आपल्यातल्या किती क्लबांकडे ते आहे? आमच्या मैदानावर उद्या असंच काही आलं तर दाखल्यातले सात विश्वस्त पुरणार नाहीत. त्यांतले तीन आज हयात नाहीत आणि दोघांनी शहर सोडलं.

म्हणून मी स्मरणिका समितीला लेखी कळवलं आहे. मुखपृष्ठावर एकच वर्ष छापू नका. आत तीन वर्षं छापा : शेत सपाट केलं ते, पहिली जर्सी शिवली ते आणि नोंदणी झाली ते. गावदेवीचं जुनं नाव सेक्टरच्या नावाशेजारी तेवढ्याच मोठ्या टाइपात घ्या. वहीतल्या कामाच्या हजेरीचं पान जसंच्या तसं, फोटो काढून छापा. भराव टाकायला आलेल्या बायांची नावं त्यांच्या घरी जाऊन विचारा. त्यांतल्या दोघी-तिघी अजून आहेत, वय ऐंशीच्या पुढे, कधी विचारायचं ते आपणच ठरवायचं आहे. आणि मैदानासाठी अर्ज करताना नोंदणी दाखल्याच्या मागे गेल्या तीन वर्षांचं रोजचं वेळापत्रक जोडा, त्यात मुलींच्या सरावाचे वार स्पष्ट दिसू द्या. आज तिथे आठवड्याला एकच वार आहे.

समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी मैदानावरच आहे. मी वही घेऊन जाणार आहे.